एक बातमीदार लाईव्हमधून मोकळा ठेवा

मराठी वृत्तवाहिन्यांच्या सर्व संपादकांस,

सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचा कॅमेरामन. बातमीत आमचा चेहरा नसतो आणि आवाजही नसतो, त्यामुळे तुमच्यापैकी फार थोड्यांना मी ठाऊक असेन. 2003 पासून 2024 च्या डिसेंबरपर्यंत मी एकाच राजकीय बातमीदाराबरोबर काम केलं. विदर्भातले सगळे पत्रकार त्यांना ‘भाऊ’ म्हणतात, म्हणून मीही इथे भाऊच लिहितो. नाव लिहू नको असं त्यांनीच सांगितलं. वाहिनीचंही नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते कुठल्या एका वाहिनीपुरतं नाही.

2025 च्या जानेवारीत भाऊंचा करार पुढे वाढवला गेला नाही. मुंबईहून एक फोन आला, नंतर एक मेल आला, आणि पस्तीस वर्षांची बातमीदारी संपली. त्यांना परत घ्या असं मागायला मी लिहीत नाही. ते परत येणार नाहीत, तसं त्यांनी मला स्वच्छ सांगितलंय. माझं मागणं वेगळं आहे, आणि ते कळायला भाऊ काम कसं करायचे ते आधी सांगावं लागेल.

1990 मध्ये ते इथल्या एका दैनिकात लागले. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1991 च्या हिवाळी अधिवेशनात, छगन भुजबळ शिवसेना सोडून बाहेर पडले. राज्याच्या राजकारणाला कलाटणी देणारी ती घडामोड नागपुरात घडली. मोबाईल नव्हते. आमदार निवासाच्या फाटकावर रात्रभर उभं राहून कोण कुणाच्या गाडीत बसलं हे डोळ्यांनी पाहायचं आणि पहाटे ऑफिसात जाऊन लिहायचं. भाऊंना तेव्हा वाटलं, राजकीय बातमीदारी म्हणजे हेच. आत काय शिजतंय ते बाहेरच्यांच्या आधी कळलं पाहिजे.

तीन वर्षांनी त्यांचं हे मत बदललं. 23 नोव्हेंबर 1994. अनुसूचित जमातीचा दर्जा मागायला गोवारी समाजाचा प्रचंड मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. पोलिसांनी तो अडवला, लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली आणि 114 माणसं मेली. त्यात बायका आणि लेकरं जास्त. आज झिरो माईलजवळ त्यांचं स्मारक आहे आणि सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचं नाव आहे. दरवर्षी 23 नोव्हेंबरला आम्ही तिथे शूटिंगला जायचो. भाऊ त्या दिवसाबद्दल फार बोलायचे नाहीत. इतक्या वर्षांत एकदाच, स्मारकासमोर ट्रायपॉड लावत असताना, म्हणाले, “मी सकाळी मोर्चा पाहिला होता. गर्दीचा अंदाज वहीत लिहिला आणि आत विधानभवनात जाऊन बसलो. बातमी आत असते असं तेव्हा वाटायचं.”

एवढंच. पण पुढची तीस वर्षं त्यांनी ज्या तऱ्हेनं काम केलं, त्याचं मूळ या तीन वाक्यांत आहे असं मला नेहमी वाटत आलंय.

मी त्यांच्याकडे आलो तेव्हा लग्नाचं शूटिंग करायचो. महाल, इतवारी, नंदनवन, जिथे हॉल असेल तिथे. भाऊ वर्षभरापूर्वीच टीव्हीत आले होते आणि बातमीमागे पैसे मिळणारे स्ट्रिंगर होते. त्यांना कॅमेरा चालवणारा माणूस हवा होता. सोनीचा छोटा पीडी कॅमेरा, साठ मिनिटांच्या मिनी डीव्ही कॅसेट, एक ट्रायपॉड आणि भाऊंची स्कूटर, एवढा आमचा ब्युरो. मी मागे बसून ट्रायपॉड उभा धरायचो.

आताच्या पोरांना हे सांगावं लागतं, की तेव्हा आमची बातमी विमानानं जायची. संध्याकाळच्या मुंबईच्या विमानाआधी सोनेगाव गाठायचं. भाऊ स्क्रिप्ट हातानं लिहायचे, ती कॅसेटच्या डबीभोवती गुंडाळून वर रबर लावायचं आणि पाकीट विमानानं रवाना करायचं. विमान हुकलं की बातमी शिळी. धाकधूक असायचीच. पण त्या विमानानं आम्हाला एक मोठी गोष्ट दिली होती. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत आम्हाला कुणी काही विचारत नसे. तो सगळा वेळ बातमीचा होता. त्या वेळात भाऊ काय करायचे, ते मला तुम्हाला सांगायचंय.

अधिवेशनात ते सकाळी अर्धा तास विधानभवनाच्या पायऱ्यांवर थांबायचे. दोन-तीन बाइट, म्हणजे नेत्यांची कॅमेऱ्यापुढची दोन वाक्यं, घ्यायचे. मग मला म्हणायचे, “चल, टी पॉइंटला जाऊ.”

मॉरिस कॉलेजचा टी पॉइंट विधानभवनापासून पायी जेमतेम दहा मिनिटांवर आहे. यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे पोलीस तिथे अडवतात. काही टेकडी रोडवर, काही लिबर्टी टॉकीजजवळ. बॅरिकेडच्या अलीकडे हजारो माणसं रस्त्यावर बसतात आणि त्यांच्यातले पाच जण शिष्टमंडळ म्हणून पोलिसांच्या गाडीतून मंत्र्यांना भेटायला जातात. निवेदन देतात, आश्वासन घेतात, परत येऊन माईकवर सांगतात. लोक टाळ्या वाजवतात आणि आपापल्या गाड्या शोधायला लागतात. डिसेंबरात रोज असे पाच-दहा मोर्चे. तुमच्या पडद्यावर त्यांचे पंधरा सेकंद दिसतात, झेंडे आणि घोषणांचे.

भाऊंची तिथली एक रीत होती. मोर्चेकऱ्यांजवळ गेल्यावर पहिली वीस-पंचवीस मिनिटं ते मला कॅमेऱ्याची बॅग उघडू द्यायचे नाहीत. रस्त्यावर सरळ बसकण मारायचे. पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “घरून काय आणलं?”

सुरुवातीला मला हा प्रश्न कळायचा नाही. पुढे कळला. ज्वारीची भाकर आणि ठेचा फडक्यात बांधून आणलेला असला, तर माणूस अकोला-बुलढाण्याकडचा, आणि आज रात्रीच्या गाडीनं परत जाणारा. तांदळाचं चुंगडं, म्हणजे छोटं पोतं, असलं, तर भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडचा, आणि दोन-चार दिवस मुक्कामाच्या तयारीनं आलेला. ज्याच्याजवळ काहीच नाही, त्याला कुणीतरी गाडीत भरून आणलंय. मोर्चा खरा किती आणि आणलेला किती, हे भाऊ शिदोरीवरून ओळखायचे. नेत्याचं भाषण ते त्यानंतर ऐकायचे.

2011 च्या डिसेंबरातली एक रात्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. साडेदहा वाजले असतील. स्टेडियमच्या बाजूच्या फुटपाथवर गडचिरोली जिल्ह्यातल्या पंधरा-वीस बायका होत्या. वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्काचे, दावे मंजूर होत नव्हते म्हणून आल्या होत्या. कायदा 2006 चा, नियम 2008 पासून लागू, त्यांच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखाला सामूहिक हक्क मिळालेले, पण यांचे कागद तालुक्याला पडून. तीन विटांच्या चुलीवर जर्मनच्या गंजात भात शिजत होता. थंडी अशी की कॅमेऱ्याचं बटण दाबताना बोट जाणवत नव्हतं.

भाऊ त्यांच्यात बसले. बऱ्याच वेळानं एका बाईनं कमरेची चंची सोडली, त्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि तिच्यातून चार घड्या घातलेला कागद. दाव्याची पोच होती ती. घडीवर कागद झिजून फाटायला आला होता. त्या म्हणाल्या, “हा कागद टीव्हीत दिसन का जी?”

भाऊ मला म्हणाले, “आता काढ कॅमेरा. शिक्का वाचता आला पाहिजे.”

रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यात तो शिक्का फोकसमध्ये येईना. एकानं मोटारसायकलचा हेडलाइट लावून दिला. बाईंनी कागद दोन्ही हातांनी धरला होता आणि हात थरथरत होते. मी लेन्स इतकी जवळ नेली की कागदाच्या मागे त्यांच्या बांगड्या दिसत होत्या. तारीख आली, शिक्का आला. लग्नात नवरीच्या हातांवरची मेंदी मी शेकडो वेळा शूट केली होती. त्या कागदाइतकं काही मी तोवर काळजीपूर्वक शूट केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शिष्टमंडळाला सांगण्यात आलं, तीन महिन्यांत दावे निकाली काढू. भाऊंनी ते वहीत लिहिलं. वहीबद्दल आता सांगतो, कारण हे पत्र खरं म्हणजे त्या वह्यांसाठीच आहे.

लाल कापडी पाठीची, उभी, हिशेबाची असते तशी वही. दर अधिवेशनाला एक नवी. डाव्या पानावर गावाचं नाव, तालुका, मोर्चा कशासाठी, शिष्टमंडळात कोण, त्यांचे फोन. उजव्या पानावर कोणत्या मंत्र्यानं किंवा अधिकाऱ्यानं काय कबूल केलं, कोणत्या तारखेला, किती मुदतीत. खाली दोन बोटं जागा कोरी. ती पुढच्या वर्षीसाठी.

सभागृहात मंत्री जे आश्वासन देतो, त्याची नोंद होते. कार्यवृत्तात छापलं जातं, आणि ते पाळलं की नाही हे पाहायला विधिमंडळाची आश्वासन समिती असते. पण टी पॉइंटवरून नेलेल्या पाच जणांना मंत्र्यांच्या दालनात जे सांगितलं जातं, त्याची नोंद कुठे होते? निवेदनाच्या प्रतीवर आवक शिक्का पडतो, तेवढाच. तोंडी शब्द हवेत जातो. पुढच्या वर्षी मंत्री बदललेला असतो, खातं बदललेलं असतं, कधी सरकारच बदललेलं असतं. त्या शब्दाचा साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो तो फक्त त्या दिवशी तिथे हजर असलेला बातमीदार. भाऊ नेमके तेच करायचे. पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी त्याच पायऱ्यांवर मंत्र्याला विचारायचे, मागच्या वर्षी अमुक तारखेला अमुक गावच्या लोकांना तुम्ही तीन महिने म्हणाला होतात, आज बारा झाले. मी मंत्र्यांचे चेहरे जवळून पाहिलेत. पक्षफुटीवरचा प्रश्न त्यांना आवडतो, त्याची उत्तरं तयार असतात. या प्रश्नाला शेजारच्या सचिवाकडे पाहावं लागायचं. कधी सचिव खरंच काहीतरी टिपून घ्यायचे. सव्वा वर्षानं त्या कागदवाल्या बाईंचा फोन आला, पट्टा मिळाला म्हणून. भाऊंनी फोन माझ्या कानाला लावला, त्यांना माझ्याशीही बोलायचं होतं.

आमच्याकडून चुकाही झाल्या आणि त्या लपवायच्या नाहीत. 29 सप्टेंबर 2006 ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या दिवसांत ती किरकोळ बातमी म्हणून गेली. नागपूरपासून फार लांब नव्हतं ते गाव, आणि आम्हीही लगेच गेलो नाही. त्याच वर्षी जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर करून गेले होते, आणि ते कुठे पोचलं हे पाहत आम्ही यवतमाळकडे फिरत होतो. हे कारण झालं, सबब नव्हे. भाऊंनी ही गोष्ट स्वतःला कधी माफ केली नाही. नव्या मुलांना ते सांगायचे, “गावातून कुणी फोन केला आणि तुला वाटलं किरकोळ आहे, तर आधी जा, मग ठरव.”

2007 मध्ये झी 24 तास आणि स्टार माझा आले, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत. आमच्यासारख्यांना काम मिळालं, भाऊंना 2008 मध्ये पहिल्यांदा लेखी करार मिळाला. जागेवरून थेट प्रक्षेपण करणारी ओबी व्हॅन आली. मग पाठीवरची बॅग आली, आत सात-आठ सिमकार्ड, कुठूनही लाईव्ह. आता तर मोबाईल पुरतो. मी तंत्राच्या विरोधात नाही, माझं पोट त्यावरच चाललं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठचं शहर पाण्यात गेलं, तेव्हा लाईव्हमुळे लोकांना कुठे जायचं आणि कुठे नाही ते कळलं. त्या दिवशी आम्ही चौदा तास लाईव्ह होतो आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण अधिवेशनात लाईव्हनं बातमीदाराला खुंट्याला बांधलं. साडेनऊचा, दहाचा, साडेदहाचा चॅट, म्हणजे अँकरशी थेट बोलणं. कानात पीसीआर, मुंबईची कंट्रोल रूम. विषय तोच, “आता काय वातावरण आहे?” विधानभवनाच्या पायऱ्यांवर सकाळी विरोधक फलक घेऊन बसतात, कधी गळ्यात संत्र्यांच्या माळा, कधी कापसाच्या. हे सगळं कॅमेऱ्यांसाठी असतं आणि आम्ही पंचवीस कॅमेरामन अर्धवर्तुळ करून ते टिपतो. आमची तोंडं पायऱ्यांकडे आणि पाठी टी पॉइंटकडे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावल्यावर बाकी जग दिसत नाही, पण वारा त्या बाजूचा असला की घोषणा ऐकू येतात. माझ्या ऑडिओत मागे त्या घोषणा येतात, आणि मुंबईहून कानात सांगतात, मागचा आवाज कमी करा.

जुलै 2018 मध्ये पावसाळी अधिवेशन इथे झालं. 6 जुलैच्या पावसानं विधानभवनात पाणी शिरलं, वीज गेली, कामकाज थांबलं. दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर तेच. भाऊंनी तीनदा डेस्कला विचारलं, मी तासभर वस्त्यांकडे जाऊन येऊ का, तिथे घरांत पाणी असणार. तीनदा उत्तर आलं, नको, आपण लाईव्ह आहोत.

त्याच वर्षी 14 ऑगस्टला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारी समाजाच्या बाजूनं निकाल दिला. त्या दिवशी अधिवेशन नव्हतं, कुणाला लाईव्ह नको होतं, भाऊ मोकळे होते. त्यांनी 1994 च्या जुन्या वहीतून नावं काढली आणि आम्ही त्या मोर्चात आई गमावलेल्या एका माणसाच्या घरी गेलो. तो पेढे आणायला गेला होता. आम्ही अंगणात थांबलो. तो आला, आधी आईच्या फोटोपुढे पेढा ठेवला, मग आम्हाला दिला, आणि मग बोलायला बसला. 18 डिसेंबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, तेव्हाही भाऊ त्याच अंगणात गेले. कुणी बाइट मागितला नव्हता.

आता 2024. 15 डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात 39 मंत्र्यांचा शपथविधी झाला आणि दुसऱ्या दिवसापासून सहा दिवसांचं अधिवेशन. कोणाला मंत्रिपद मिळालं, कोण नाराज, कोण निघून गेलं. भुजबळांचं नाव यादीत नव्हतं आणि ते नागपूर सोडून नाशिकला गेले. 1991 मध्ये आमदार निवासाच्या फाटकावर जागून त्यांचं बंड टिपणारे भाऊ, तेहतीस वर्षांनी पुन्हा त्यांच्याच नाराजीवर दर अर्ध्या तासानं बोलत होते.

दुपारी लाईव्ह चालू असताना भाऊंच्या खिशातला फोन थरथरला. मला फ्रेममध्ये त्यांचा हात खिशाकडे जाताना दिसला. त्यांनी न पाहताच बंद केला. पुन्हा वाजला. तो चॅट संपला, लगेच दुसरा लागला, मग एका प्रवक्त्याचा बाइट, मग पुन्हा चॅट. पावणेचारला त्यांनी फोन पाहिला. गडचिरोलीच्या त्याच बाई. चार मिस्ड कॉल. भाऊंनी तिथेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण कानात अजून इयरपीस होता.

“आता गाडी लागली जी. दिवसभर टी पॉइंटले वाट पाह्यली तुमची.”

पट्टा मिळाला होता, पण सातबाऱ्यावर नोंद झाली नव्हती आणि त्यामुळे खरेदी केंद्रावर धान विकता येत नव्हतं. ते सांगायला गावातली तीस माणसं घेऊन त्या पुन्हा आल्या होत्या. शिष्टमंडळाला काय सांगितलं, हे भाऊंनी फोनवरच विचारून घेतलं आणि हातातल्या लाईव्हच्या मुद्द्यांच्या कागदामागे लिहिलं. रात्री ते वहीत उतरवलं. दहा मिनिटांच्या अंतरावर होत्या त्या. सहा दिवसांत आम्ही एकदाही टी पॉइंटला जाऊ शकलो नाही. शेवटच्या संध्याकाळी सगळं उठल्यावर भाऊ एकटेच तिकडे चालत गेले. बॅरिकेड ट्रकमध्ये भरणं चालू होतं.

महिन्याभरात त्यांचा करार संपला. मेलमध्ये कारण होतं, पुनर्रचना. त्यावर मी जास्त लिहीत नाही, एक हिशेब फक्त सांगतो. राज्य सरकारची ज्येष्ठ पत्रकारांसाठी आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजना आहे. ती सुरू झाली तेव्हाची अट होती, वय साठ आणि पत्रकारितेची तीस वर्षं. भाऊंची दैनिकातली बारा वर्षं कागदावर आहेत, करारावरची सोळा कागदावर आहेत. मधली सहा, जेव्हा आम्ही स्कूटरवरून सोनेगाव गाठायचो, ती कुठेच नाहीत. नेमणूकपत्र नव्हतं, पैसे व्हाउचरवर. बारा आणि सोळा अठ्ठावीस. आणि 1955 चा श्रमिक पत्रकार कायदा लिहिला गेला तो वर्तमानपत्रांसाठी, टीव्हीचा माणूस त्यात नव्हताच. तुमच्याकडे आज जे स्ट्रिंगर आहेत, त्यांना निदान वर्षाला एक कागद द्या. तुमचं त्यात काही जात नाही.

माझं मुख्य मागणं आता सांगतो.

28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात सरकारनं दरवर्षी ठराविक काळ नागपूरला यावं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन इथे भरावं असं ठरलं. विदर्भाच्या माणसाला आपल्या सरकारला समोरासमोर बोलता यावं, हा त्यामागचा हेतू. ते समोरासमोर सभागृहात होत नाही, त्याला आत जायला पास लागतो. ते टी पॉइंटवर होतं. तुम्ही अधिवेशनासाठी मुंबईहून दोन-तीन बातमीदार पाठवता, ते ‘सुयोग’ या पत्रकारांच्या निवासात उतरतात, मेहनत करतात, मला त्यांच्याबद्दल तक्रार नाही. लाईव्ह त्यांना करू द्या. पण नागपूरचा, विदर्भाचा जो तुमचा माणूस आहे, त्याला अधिवेशनाचे सगळे दिवस लाईव्हमधून मोकळा ठेवा. त्याच्या कानात इयरपीस नको. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा त्याला कुणी फोन करायचा नाही. बरोबर एक कॅमेरामन द्या, किंवा एक चांगला मोबाईल. संध्याकाळी त्याच्याकडून एक रिपोर्ट घ्या, तीन मिनिटांचा, आणि तो प्राइम टाइमच्या आधी गाडून टाकू नका. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी त्याला एकच काम द्या, मागच्या वर्षी टी पॉइंटवरच्या लोकांना काय कबूल केलं होतं ते मंत्र्यांना विचारायचं.

खर्चाचं म्हणाल तर तो माणूस आधीच तुमच्या पगारावर आहे. प्रेक्षकांचं म्हणाल तर मला आकडे कळत नाहीत, पण 2011 च्या त्या कागदाच्या शॉटबद्दल मला अजून लोक विचारतात. पायऱ्यांवरच्या माझ्या एकाही शॉटबद्दल इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नाही.

आणि तो माणूस विदर्भाचाच हवा. मुंबईहून आलेला हुशार पोरगा दोन दिवसांत राजकारण समजून घेईल, पण ‘घरून काय आणलं’ हे त्याला सुचणार नाही, आणि सुचलं तरी तांदळाच्या चुंगड्यावरून काय समजायचं ते कळायला वर्षं जातात. भाऊंना ती मिळाली, कारण दैनिकानं आणि पुढे त्या संध्याकाळच्या विमानानं त्यांना वेळ दिला. आज जो चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा नागपुरात तुमचा बूम, म्हणजे वाहिनीचा माईक, धरून उभा आहे, त्याला तो वेळ तुमच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही.

निरोपाच्या दिवशी भाऊंनी बूम ऑफिसात जमा केला आणि वह्या माझ्या घरी आणून ठेवल्या. 2002 पासूनच्या, मधली कोविडची दोन वर्षं सोडून, कारण तेव्हा अधिवेशन मुंबईत झालं. दैनिकातल्या काळातली 1994 ची एक वही वेगळी आहे, ती त्यांनी स्वतःजवळ ठेवली. बाकीच्या माझ्या कपाटात, जुन्या कॅसेटच्या खोक्याशेजारी आहेत. 2024 च्या वहीत उजव्या पानांखाली कोरी जागा तशीच आहे.

पुढच्या अधिवेशनात तुमच्यापैकी ज्या कुणाचा माणूस मोकळा असेल, त्यानं सकाळी दहाला मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर यावं. मी वह्या घेऊन तिथे थांबतो. गडचिरोलीच्या बाईंचा नंबर 2024 च्या वहीत शेवटून तिसऱ्या पानावर आहे. त्या येणार आहेत, मी फोन करून विचारलंय.

आपला,
एक कॅमेरामन
नागपूर